वाटपाचा न्याय : राजर्षी शाहू छत्रपतींचे जीवनकार्य

न्याय-अन्यायाचा पहिला धडा वसतिगृहातील मुलाला पंगतीत मिळतो. पातेल्याच्या तळाची दाट आमटी कोणाच्या ताटात गेली, उशिरा आलेल्यासाठी भाकरी राखून ठेवली होती का, आजारी मुलाला दुधाचा पेला मिळाला की नाही, हे त्याचे डोळे अचूक टिपतात. आपले पोट किती भरले याआधी शेजाऱ्याच्या ताटाशी आपले ताट जुळते का, हे तो पाहतो. मात्र सर्वांना सारखे मिळाले म्हणजे वाटप न्याय्य झालेच, असेही तो मानत नाही. तापाने फणफणलेल्या सोबत्याला दोन घास अधिक मिळाले तर त्याची हरकत नसते. वाढणाऱ्याच्या ओळखीच्या मुलाला ते मिळाले तर मात्र तो ते वर्षानुवर्षे विसरत नाही.

वाटप समान असावे, गरजेप्रमाणे असावे, की लायकी पाहून असावे, हा पंगतीतला प्रश्न पुढे जमीन, पाणी, नोकरी आणि विद्या यांच्या बाबतीत साऱ्या समाजापुढे उभा राहतो. या प्रश्नाशी आपल्या कारकिर्दीची २८ वर्षे झुंजलेला एक राजा महाराष्ट्रात होऊन गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पंगतीत जागाच नव्हती, अशा घरांतील मुले आज निवासी शाळांत शिकत आहेत. त्यांच्या स्मरणिकेत राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र या एका दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरचे दिवंगत छत्रपती चौथे शिवाजी यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले गेले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर या गुरूंच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

गादीवर बसताच त्यांना जे दिसले ते आकड्यांत सांगता येते. संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागा ब्राह्मणेतरांकडे होत्या. संस्थानची बहुसंख्य प्रजा शेतकरी, कारागीर, बलुतेदार आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची होती. सारा ती भरीत असे. कचेरीत तिच्या अर्जावर शेरा मारणारा हात मात्र तिच्यातला नसे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळच्या सुशिक्षितांपैकी अनेकांना ही स्थिती अन्यायाची वाटत नव्हती. शाळा उघडी आहे, परीक्षा सर्वांना सारखी आहे, जो शिकतो त्याला नोकरी मिळते. मग यात पक्षपात कोठे आला, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. पंगतीच्या पुढच्या पाटावर बसलेल्याला वाढप नेहमीच नीट चालल्यासारखे दिसते. शेवटच्या पाटावरून, किंवा दाराबाहेरून, तेच वाढप कसे दिसते, हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. तरुण शाहू महाराजांनी राज्यभर दौरे काढून, खेड्यापाड्यांतील माणसांत मिसळून ती सवय स्वतःला लावून घेतली.

कारकिर्दीच्या आरंभीच निसर्गाने त्यांची परीक्षा घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि पाठोपाठ आलेल्या प्लेगच्या साथीत धान्य, चारा आणि औषध या तिन्ही गोष्टी अपुऱ्या होत्या. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रोजगाराची कामे काढली, कामावर येणाऱ्या आयांच्या लहान मुलांची सोय केली. अशा प्रसंगी वाटपाची कसोटी गरज हीच असते, हे सर्वांना पटते. भुकेल्याच्या हातावर भाकरी ठेवताना त्याची लायकी विचारावी, असे कोणी म्हणत नाही. कठीण प्रश्न पुढे होता. विद्येची भूकही अशीच मोजावी काय?

त्याचे उत्तर महाराजांना अनुभवातून मिळाले. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक वसतिगृह सुरू झाले. नियम सर्वांना सारखे होते आणि दार कोणालाही बंद नव्हते. काही काळातच ते वसतिगृह व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन राहिले. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला तेथे पाय टेकणे जमले नाही. ज्याच्या घरात अक्षराची ओळख पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ज्याच्या घरात कागद म्हणजे सावकाराची भीती होती, ते दोघे एकाच दारातून आत जाणार असे गृहीत धरले गेले होते. दार उघडे ठेवण्याने काम भागत नाही, दारापर्यंत पोहोचण्याचे बळही वाटावे लागते, ही खूणगाठ महाराजांनी येथे बांधली.

यानंतर त्यांनी वेगळी रीत स्वीकारली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, ख्रिस्ती, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी त्यांना जागा, इमारती आणि अनुदाने दिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. ज्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही चढू देत नसत, त्यांना कोल्हापुरात हक्काची खोली आणि दिवा मिळाला. विद्यार्थी वसतिगृहांची जननी हा कोल्हापूरचा लौकिक या काळातला आहे.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीला बळ दिले, असा आक्षेप त्यांच्या काळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. तो टाकाऊ नाही. परंतु सामाईक वसतिगृहाचा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला होता आणि त्याचा परिणामही पाहिला होता, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी आणि राज्याने मागे उभे राहावे, अशी ती योजना होती.

दरम्यान एका घटनेने महाराजांना स्वतःच्या ताटाकडेही पाहायला लावले. १८९९ मध्ये पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे लक्षात आले. छत्रपतींनाही वेदमंत्रांचा अधिकार नाही, अशी पुरोहितवर्गाची भूमिका होती. हा वाद अनेक वर्षे चालला. राज्य हाती असलेल्या माणसालाही जन्मावरून वाटा नाकारला जातो, मग ज्याच्या हाती काहीच नाही त्याचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या पुढील कार्यात सतत जाणवतो.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडला गेले होते. त्या मुक्कामात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा तो प्रसिद्ध हुकूम कोल्हापुरात जाहीर झाला. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असा त्याचा आशय होता. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती वगळून उरलेले सर्व, असा अर्थही त्यात स्पष्ट केला होता.

या हुकुमाचे दोन विशेष फारसे सांगितले जात नाहीत. पहिला असा की, नोकरीत असलेल्या कोणाचीही जागा त्याने काढून घेतली नाही. तो रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कितीतरी अधिक होते. म्हणजे हा वाटा पुरेपूर नव्हता, सुरुवातीचा होता. दुसरा विशेष असा की, प्रत्येक खात्याने केलेल्या नेमणुकांचे तक्ते दर तिमाहीला सादर करावेत, असे त्यात बजावले होते. वाटपाचा नियम चांगला असणे वेगळे आणि तो पाळला जातो की नाही हे वहीत नोंदवून तपासणे वेगळे, हे महाराज ओळखून होते. परिणाम कागदावर दिसू लागला. १९१२ पर्यंत प्रशासनातील जागा ९५ झाल्या आणि त्यांतील ३५ जागांवर ब्राह्मण अधिकारी होते.

या धोरणाला विरोध झाला. त्यासंबंधी कोल्हापूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या एक हकिकत सांगितली जाते. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी महाराजांकडे तक्रार केली की, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या जात पाहून देणे बरोबर नाही. त्या गुणवत्तेवर द्याव्यात. महाराजांनी वाद घातला नाही. ते त्यांना आपल्या पागेत घेऊन गेले. घोड्यांना चंदी देण्याची वेळ होती. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा स्वतंत्र तोबरा बांधलेला होता आणि सारे घोडे निवांत खात होते. महाराजांनी नोकरांना सांगून ते तोबरे सोडवले, सगळे हरभरे एका जाजमावर पसरायला लावले आणि घोडे मोकळे सोडले. धट्टीकट्टी जनावरे लाथा झाडत पुढे घुसली व हरभऱ्यावर तुटून पडली. म्हातारे, आजारी घोडे आणि लहान शिंगरे लाथांच्या भीतीने दूर उभी राहिली. हरभरे तेवढेच होते आणि जाजमाकडे जाण्याची कोणालाही मनाई नव्हती. तरी अर्ध्या जनावरांच्या तोंडी दाणा लागला नाही. दुबळ्यांसाठी वेगळा तोबरा का बांधावा लागतो, हे महाराजांनी अशा रीतीने दाखवून दिले.

ही हकिकत आपण वारंवार ऐकली आहे, म्हणून तिच्यातील एक बारकावा नजरेतून सुटतो. महाराजांनी धट्ट्याकट्ट्या घोड्यांना उपाशी ठेवले नव्हते. तोबऱ्याच्या व्यवस्थेत त्यांचाही वाटा होताच. बळकटाला आपला वाटा कमी झाल्यासारखे वाटते, कारण जाजमावर त्याला दुसऱ्याचाही वाटा मिळत असे आणि तो त्याला आपलाच वाटू लागलेला असतो. वाटपाविषयीच्या कितीतरी भांडणांचे मूळ येथे आहे. माणूस आपल्या वाट्याची तुलना न्यायाशी करीत नाही. काल आपल्याला किती मिळत होते त्याच्याशी करतो.

तोबरा मात्र भरलेला हवा. शिक्षणच नसेल तर राखलेल्या जागांवर बसणार कोण? म्हणून १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मोलमजुरी करणाऱ्या बापाला तो दंड जड होता, आणि मुलगा शाळेत गेला की गुरांमागे कोण जाणार ही अडचणही खरी होती. तरी वाटपाच्या या एका बाबतीत महाराजांनी सवलत दिली नाही. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर सरकारी शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. वेगळा तोबरा हा अखेरचा मुक्काम त्यांना अभिप्रेत नव्हता, याचा हा पुरावा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मर्मग्राही काम १९१८ चे आहे. त्या वर्षी त्यांनी महार वतने रद्द केली. वतन म्हणजे गावाने दिलेला वाटा: थोडी जमीन आणि बलुत्याचे धान्य. वरवर पाहता ते देणेच होते. प्रत्यक्षात त्या मोबदल्यात सारे घर रात्रंदिवस गावकीला आणि सरकारी हुकुमाला बांधलेले असे. सांगावा पोहोचवणे, ओझी वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, कोणत्याही वेळी हाक आली की धावणे, याला ना तास होते ना मजुरी. पिढीगणिक भाऊबंद वाढत आणि जमिनीचे तुकडे होत जात. महाराजांनी त्या जमिनी रयताव्याने वतनदारांच्या नावे करून दिल्या आणि चाकरीचे बंधन तोडले. वेठबिगारही त्यांनी बंद केली. हक्काचा वाटा आणि गळ्यातला दोर यांत फरक असतो. वतनाची भाकरी हातची जाईल या भीतीने तो दोर सोडायला कचरणारी माणसेही आपल्यात होती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण दुसरी भाकरी त्यांनी पाहिलीच नव्हती.

कायद्याने जमीन आणि नोकरी वाटता येते. मान वाटता येतो काय? राजवाड्याच्या चाकरीत असलेले गंगाराम कांबळे यांना, सवर्ण नोकरांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत दिली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावू लागले. एक कप चहाची किंमत ती काय! परंतु त्या कपाने जे वाटले गेले ते कोणत्याही हुकुमाने वाटता आले नसते.

याच काळात त्यांची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी भेट झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायक पाक्षिकासाठी महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी संस्थानातील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तेथे महाराजांनी उपस्थितांना सांगितले की, तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे. मे १९२० अखेरीस नागपूरला भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. वाटणाऱ्याने आपण होऊन बाजूला सरावे आणि ज्यांचा वाटा आहे त्यांनीच तो मागायला उभे राहावे, हे माणगावला घडले. राजाच्या औदार्यावर अवलंबून असलेला न्याय राजाबरोबर संपतो, याची जाण असल्याखेरीज असे घडत नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. कोल्हापुरात दहा वर्षांपूर्वी एका हुकुमाने झालेली गोष्ट ब्रिटिश मुलखात झगडून मिळवावी लागत होती. पुढे भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात मागास वर्गांसाठी नेमणुका राखून ठेवण्याची तरतूद आली. राजाचा हुकूम प्रजेचा हक्क झाला.

महाराज बौद्ध नव्हते. पण त्यांचे काम पाहताना विनयपिटकातील एक व्यवस्था आठवते. भिक्खुसंघात चीवरे आणि भोजन वाटण्याचे काम कोणाकडे द्यावे, याचा नियम तेथे आहे. आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय या चार गोष्टींमुळे जो वाट सोडत नाही, आणि काय वाटले व काय राहिले हे ज्याला ठाऊक असते, अशालाच संघाने निवडावे. वाटप कसे असावे याच्याइतकाच वाटणारा कसा असावा हा विचार तेथे महत्त्वाचा मानला आहे. शाहू महाराजांना आवडनिवड मोडावी लागली ती स्वतःच्या जातीच्या नोकरांना शासन करताना. भय सोडावे लागले ते धर्मपीठांच्या आणि वृत्तपत्रांच्या रोषाला तोंड देताना. आणि काय वाटले, काय राहिले हे त्यांनी दर तिमाहीच्या तक्त्यातून पाहिले.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज वाटणाऱ्याच्या जागी आहेत. कोणी कचेरीत आहे, कोणी शाळेत, कोणी सोसायटीच्या किंवा विहाराच्या समितीवर. आपल्या हाती डाव आला आहे. घरातही तो आहेच: मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणाचा खर्च ठरवताना, भावाबहिणींत वडिलांची जमीन वाटताना. ज्यांच्याकडे सर्वांत आधी शिक्षण आले त्या घरांनी, ज्यांच्याकडे ते अजून आलेले नाही त्या घरांसाठी काय राखून ठेवले आहे, हाही आपलाच हिशेब आहे. पुढच्या पाटावर बसल्यावर वाढप नीट चालल्यासारखे दिसते, हे आपल्यालाही लागू आहे. डाव हातात घेताना एकदा शेवटच्या पाटाकडे, आणि मग दाराबाहेर, नजर टाकावी. शाहू महाराजांनी २८ वर्षे तेच केले.